प्रत्येक स्क्रीनला पत्ता हवा

मोठं वेब ॲप्लिकेशन म्हणजे शेकडो स्क्रीनचा पसारा. बँकेच्या कर्जविभागाचंच सॉफ्टवेअर घ्या : अर्जांची यादी, एकेका अर्जाचा तपशील, कागदपत्रं, मंजुरी, हप्ते, अहवाल. यातली एखादी स्क्रीन देखणी करणं आता फारसं कठीण राहिलेलं नाही. या सगळ्या एकमेकींशी जोडायच्या कशा, इथे भल्याभल्यांचा कस लागतो. गेल्या तीस वर्षांत याची उत्तरं वरचेवर बदलत गेली आणि जवळपास दर वेळी एकच गोष्ट हातातून निसटली. ती म्हणजे स्क्रीनचा पत्ता, यूआरएल.

टिम बर्नर्स-ली यांच्या वेबमध्ये पानाला स्वतःचा पत्ता असणं हा पायाच होता. १९९६मध्ये नेटस्केप ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीने फ्रेम्स आणल्या. डावीकडचा मेनू जागेवर ठेवून उजवीकडचा मजकूर तेवढा बदलता येऊ लागला. सोय झाली, पण वरचा पत्ता जागचा हलेना. आतल्या पानाची खूण ठेवता येईना, ते दुसऱ्याला पाठवता येईना. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी त्याच वर्षी फ्रेम्सवर खरमरीत टीका केली ती याच कारणाने.

पुढे सर्व्हरवर पानं तयार करण्याची शिस्त आली. मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही विभागणी ट्रिग्व्ह रीन्सकाउग यांनी १९७९च्या सुमारास झेरॉक्स पार्कमध्ये मांडली होती. स्ट्रट्स आणि २००४मधल्या रूबी ऑन रेल्स या फ्रेमवर्क्सनी ती वेबवर रुजवली. पत्ता आला की तो ठरलेल्या कंट्रोलरकडे जायचा आणि तिथून पान तयार होऊन परत यायचं. रचना स्वच्छ होती. तिच्यासोबत एक वाईट सवयही पसरली : डेटाबेसमध्ये जेवढे तक्ते, तेवढ्या स्क्रीन. अर्जदार, जामीनदार, तारण यांचे तक्ते वेगळे, म्हणून अधिकाऱ्यालाही तीन ठिकाणी फिरायला लावायचं. त्याच्या दृष्टीने काम एकच असतं : हा अर्ज मंजूर करायचा की नाही.

२००४मध्ये जीमेल आलं. पुढच्या वर्षी जेसी जेम्स गॅरेट यांनी अशा ॲप्लिकेशनमागच्या तंत्राला एजॅक्स हे नाव दिलं. आता अख्खं पान पुन्हा मागवण्याची गरज उरली नाही, पण फ्रेम्सचं दुखणं नव्या रूपात परतलं. स्क्रीन बदलायची, पत्ता तोच राहायचा आणि बॅक बटण दाबलं की माणूस थेट बाहेर फेकला जायचा. पत्त्यात हॅशचं चिन्ह घालून अनेकांनी वेळ मारून नेली. ट्विटरने २०१०मध्ये हीच वाट धरली होती. २०१२मध्ये ती सोडून त्यांनी पहिलं पान पुन्हा सर्व्हरवर तयार करायला सुरुवात केली. तोवर ब्राउझरमध्ये हिस्टरी एपीआय आला होता, त्यामुळे पान न मागवताही पत्ता बदलणं शक्य झालं. एम्बर या फ्रेमवर्कने राउटर, म्हणजे पत्ता आणि स्क्रीन यांची सांगड घालणारा भाग, हा ॲप्लिकेशनचा कणा मानला. मला ही भूमिका आजही सगळ्यांत योग्य वाटते.

याचं कारण वापरात दिसतं. अधिकारी यादीत ‘प्रलंबित’ फिल्टर लावतो, शाखा निवडतो, रकमेप्रमाणे क्रम लावतो, सातव्या पानावर जातो आणि एक अर्ज उघडतो. तो वाचून मागे येतो, तर यादी पहिल्या पानावर, फिल्टर गायब. दिवसभरात हे पन्नासदा होत असेल, तर त्या माणसाचा किती वेळ आणि उत्साह आपण खातो याचा विचार करा. उपाय साधा आहे. फिल्टर, क्रम आणि पानाचा आकडा पत्त्यातच लिहायचा. मग बॅक चालतं, रिफ्रेश चालतं, आणि साहेबांना ‘ही यादी बघा’ म्हणून लिंकही पाठवता येते. अर्जदाराचं नाव किंवा खातेक्रमांक मात्र पत्त्यात कधीच घालू नये, कारण पत्ते ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदींत साठून राहतात.

सगळंच पत्त्यात मावत नाही. उरलेली माहिती कुठे ठेवायची, हा प्रश्न राहतोच. फेसबुकची गोष्ट प्रसिद्ध आहे. चॅटवर न वाचलेल्या संदेशाचा आकडा दिसायचा, उघडून पाहिलं तर नवीन संदेशच नसायचा. दुरुस्ती व्हायची आणि तीच चूक पुन्हा डोकं वर काढायची, कारण स्क्रीनचे वेगवेगळे भाग एकाच माहितीचा हिशेब आपापल्या परीने ठेवत होते. २०१४मध्ये त्यांनी फ्लक्स ही पद्धत मांडली : माहितीची नोंद एका जागी, बदलाची दिशा एकच. पुढच्या वर्षी आलेल्या रिडक्स या लायब्ररीने हाच विचार घरोघरी पोचवला. मग अतिरेकही झाला. उघडझाप होणाऱ्या मेनूची स्थितीसुद्धा लोक मध्यवर्ती साठ्यात टाकू लागले. ती त्या मेनूपाशीच राहू द्यावी.

२०१६पासून मायक्रो फ्रंटएंड्सची चर्चा आहे, म्हणजे प्रत्येक टीमने आपला विभाग स्वतंत्रपणे बांधायचा. मेल्विन कॉनवे यांनी १९६८मध्येच लिहून ठेवलंय की, संस्थेत संवादाची रचना जशी असते, तशीच तिच्या प्रणालीची होते. म्हणून टीम पुष्कळ असतील तर ही विभागणी उपयोगी पडते. लहान टीमने या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाटण्या केल्याच, तरी पत्त्यांची यादी सगळ्यांची मिळून एकच असावी.

म्हणून नवं काम हाती घेणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. फ्रेमवर्कची निवड आठवडाभर लांबली तरी चालेल. आधी वापरणाऱ्या माणसाशेजारी बसून त्याचं काम पाहा, प्रत्येक स्क्रीनचा पत्ता कागदावर लिहा आणि तो कागद टीममधल्या प्रत्येकाला वाचायला द्या.