शिआ बटरने केस वाढतात की फक्त तुटायचे थांबतात?

इन्स्टाग्रामवर केस वाढवण्याचे उपाय शोधले की एक ठरावीक रील हमखास समोर येते. डावीकडे मानेपर्यंतही न पोचणारे घट्ट कुरळे केस, उजवीकडे त्याच मुलीचे कमरेला टेकलेले केस आणि मध्ये पिवळसर लोण्याची बरणी. बरणीत असतं शिआ बटर. मुलगी बहुतेक वेळा आफ्रिकी वंशाची असते, कधी लागोसची, कधी लंडनची, कधी अटलांटाची.

उत्तर आधीच देऊन टाकू. शिआ बटरमुळे केस वाढतात असा पुरावा नाही. पण रीलमधली मुलगी खोटं बोलतेय असंही नाही.

केस वाढतो तो टाळूच्या आतल्या मुळाशी. बाहेर दिसतो तो भाग मृत असतो, नखासारखाच. त्यावर काहीही चोपडलं तरी तो लांब होत नाही. मूळ आपलं काम करत असतं, महिन्याला साधारण सेंटिमीटरभर. मग काहींचे केस वर्षानुवर्षं तिथेच का राहतात? कारण वरून जितकं वाढतं तितकंच खालून तुटतं. पगार येतो, पण शिल्लक उरत नाही, त्यातला प्रकार.

अफ्रो केसांच्या बाबतीत हा हिशेब फार लवकर तोट्यात जातो. आपला सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो साधारण गोल दिसतो. अफ्रो केस मात्र चपट्या लंबगोलासारखा दिसतो आणि तो स्प्रिंगसारखा स्वतःभोवती पिळलेला असतो. प्रत्येक वळण म्हणजे एक कमकुवत जागा. टाळूतून जे नैसर्गिक तेल पाझरतं, ते सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं. इतक्या वळणांवरून ते जाऊ शकत नाही. त्यामुळे टाळू तेलकट आणि टोकं कोरडीठाक, हे चित्र नेहमीचं. कोरडे केस एकमेकांत अडकतात, एकाच केसाची स्वतःशीच गाठ बसते आणि फणी फिरवली की कटकन तुटतात.

त्यात वाढीचा वेगही थोडा कमी. मोजमापांमध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस दिवसाला सरासरी पाव मिलिमीटर वाढताना आढळले आहेत, तर युरोपीय वंशाच्या लोकांचे जवळपास ०.४ मिलिमीटर. म्हणजे वर्षाला नऊ सेंटिमीटर विरुद्ध चौदा. शिवाय हे केस आकसून बसतात. ताणून धरले तर खांद्याखाली जाणारे केस सुटे असताना कानापाशी दिसतात. (काही 'आधी आणि नंतर' रीलमध्ये 'नंतर'च्या फोटोत केस ड्रायरने ताणलेले असतात, हेही बघत जा.) 'आमचे केस वाढतच नाहीत' ही समजूत पिढ्यान् पिढ्या टिकली ती या सगळ्यामुळे.

शिआ म्हणजे मोहाचा आफ्रिकी भाऊबंद

शिआचं झाड सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या कोरड्या गवताळ पट्ट्यात वाढतं. त्याचं कुळ सॅपोटेसी, म्हणजे आपल्या चिकूचं आणि मोहाचं. विदर्भात मोहाच्या बियांपासून तेल निघतं, तसंच घाना, बुर्किना फासो, मालीमध्ये शिआच्या बियांपासून लोणी. झाडाला फळ धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, त्यामुळे बागा लावण्यापेक्षा शेतात आपोआप उगवलेली झाडं राखण्याकडेच कल असतो. बिया वेचणं आणि लोणी काढणं हे बायकांचं काम. बिया उकळायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या, वाटायच्या आणि मग त्या लगद्यात पाणी घालून हातांनी घुसळत राहायचं. चरबी वर तरंगू लागली की काढून कढवायची. ताक घुसळून लोणी काढणाऱ्या कोणालाही ही कृती ओळखीची वाटेल. मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी १७९०च्या दशकात त्या भागात फिरला, तेव्हा हे लोणी मीठ न घालता वर्षभर टिकतं याचं त्याला विशेष वाटलं होतं.

या लोण्यात मुख्यतः दोन स्निग्धाम्लं असतात, स्टिअरिक आणि ओलिक. स्टिअरिकमुळे ते गार हवेत घट्ट राहतं, आणि हातात घेतलं की अंगाच्या उष्णतेनेच वितळतं. कोकणात थंडीत टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल लावतात ना, तेच काम शिआ केसावर करतं. वर एक थर बसतो, आतलं पाणी लवकर उडत नाही, आणि केसावर केस घासला तरी सालपटं कमी निघतात.

मग चूक कुठे होते?

'मॉइश्चरायझर' या शब्दात. शिआ बटरमध्ये पाणी नसतं. कोरड्या केसांवर ते थापलं तर कोरडेपणाच आत बंद होतो, वर केस मेणचट होतात ते वेगळंच. म्हणून ज्यांना याचा उपयोग होतो त्या बायका क्रम पाळतात: आधी पाणी, मग न धुता ठेवायचं हलकं कंडिशनर, आणि सगळ्यात शेवटी शिआ. केसांचे भाग पाडून, प्रत्येक भागाला वाटाण्याएवढं, तळहातावर चोळून वितळवलेलं, आणि ते टोकांना. त्यानंतर सैल पेड किंवा वेण्या घालून केस आठवडाभर तसेच ठेवायचे, रात्री डोक्याला सॅटिनचा रुमाल. खरी मेहनत या शेवटच्या भागात आहे. केसांना जितकं कमी हाताळाल तितके ते कमी तुटतात. श्रेय मात्र बरणीला मिळतं, कारण रीलमध्ये दाखवायला बरणीच बरी.

चाडमधल्या बसारा बायकांची 'चेबे' पूडही अशीच व्हायरल झाली. त्यांचे केस खरोखर लांब असतात. पण त्या पूड तेल-चरबीत कालवून टाळूला नव्हे, केसांच्या लांबीला लावतात, वर वेण्या घालतात, आणि हे नेमाने चालू ठेवतात.

टाळूवर शिआ चोळणं मात्र टाळलेलं बरं, विशेषतः कोंडा असेल तर. कोंड्याशी संबंधित मॅलेसेझिया ही बुरशी तेलावरच जगते.

हा सगळा खटाटोप नुसत्या हौसेचा नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलींचे केस लहानपणापासून रसायनांनी सरळ करण्याची पद्धत कित्येक दशकं चालली. नोकरीत, शाळेत नैसर्गिक केस 'नीटनेटके' मानले जात नव्हते. याविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, तेही २०१९ मध्ये. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ महिलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के असा त्यांचा अंदाज होता. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरीही रसायनं सोडून मूळ केसांकडे वळणाऱ्या बाईला ते टिकवायचे कसे, हा प्रश्न किती जवळचा असेल ते लक्षात येतं.

आणि इथेच त्या बरणीचा एक धोका आहे. घट्ट वेण्या आणि जोड-केसांच्या ओढीने कपाळाजवळचे केस मागे सरकतात. सुरुवातीला ओढ थांबवली तर ते परत येतात, वर्षानुवर्षं चालू राहिली तर मूळच मरतं. दुसरा एक आजार कृष्णवर्णीय बायकांमध्ये जास्त आढळतो. त्यात डोक्याच्या मध्यभागी विरळपणा सुरू होऊन तो गोल पसरतो, आणि मुळांच्या जागी व्रणासारखी ऊती तयार होते. तिथे पुन्हा केस उगवत नाहीत. उपचारांनी पसरणं थांबवता येऊ शकतं, पण वेळेत गेलं तर. अशा वेळी सहा महिने शिआ चोळत बसणं म्हणजे तेवढी मुळं गमावणं. मधली किंवा कपाळावरची रेषा रुंद होत असेल, टाळू दुखत किंवा जळजळत असेल, तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं.

आता आपलं काय? सरळ किंवा लाटांसारख्या केसांना शिआ बहुधा जड होईल, केस चिकटून बसतील. कुरळ्या केसांच्या मुलींनी ओल्या टोकांना किंचित लावून पाहायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी खोबरेल आहेच. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्याने केसाच्या आत शिरतं. धुण्याआधी खोबरेल लावल्यास केसातली प्रथिनं कमी वाहून जातात, असं मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं होतं (खोबरेल विकणाऱ्या कंपनीचं संशोधन, हे ध्यानात ठेवून वाचा). शिआचे रेणू मोठे, ते मुख्यतः वरच राहतात. म्हणून अफ्रो केसांसाठीही धुण्याआधी खोबरेल आणि धुतल्यावर शिआ, अशी जोडी अनेकजणी वापरतात.

विकत घेताना, कच्चं शिआ फिकट पिवळं आणि किंचित धुरकट वासाचं असतं. शुद्ध केलेलं पांढरं आणि बिनवासाचं. थर बसवण्याचं काम दोन्ही करतात. नागपूरच्या मे महिन्यात बरणीत तेल झालेलं दिसलं तर ते खराब झालेलं नसतं. सावकाश गोठलं की त्यात रव्यासारखे कण होतात. पुन्हा मंद आचेवर वितळवून फ्रीजमध्ये झटपट गार केलं की ते मऊ होतं.