गाडी पुढे नेता येते, पण थांबवता येते का?

चारचाकी शिकायची तर आपण ड्रायव्हिंग स्कूल शोधतो. दुचाकी मात्र काका, मोठा भाऊ नाहीतर मित्र शिकवतो. कॉलनीतल्या मोकळ्या रस्त्यावर थोड्या फेऱ्या झाल्या की पोरगं थेट मुख्य रस्त्यावर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७, म्हणजे शंभरात ४४, दुचाकीवर होती. तरीही नव्या चालकाने रीतसर प्रशिक्षण घ्यावं म्हटलं की काही ठरावीक उत्तरं ऐकू येतात. ती एकेक करून तपासू.

गैरसमज १ : सायकल येते त्याला गाडी दोन दिवसांत येते.

वस्तुस्थिती : दोन दिवसांत येतो तो तोल, क्लच आणि गिअर. गाडी पुढे नेण्यापुरतं हे पुरतं. अचानक थांबायचं कसं, वळणात नजर कुठे ठेवायची, ओल्या रस्त्यावर काय टाळायचं, हे त्यात येत नाही. शिकवणाऱ्यालाही ते कुणी शिकवलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या सवयी जशाच्या तशा पुढे जातात. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ च्या त्या अहवालात अपघातग्रस्त चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले आढळले. अपघाताचं कारण तेवढंच, असं यावरून म्हणता येत नाही; पण ऐन क्षणी बहुतेकांना ब्रेक नीट लावता आला नव्हता, हेही त्याच अहवालात आहे.

गैरसमज २ : पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो.

वस्तुस्थिती : आपल्याकडे सर्वांत जास्त दिला जाणारा आणि सर्वांत घातक सल्ला हाच. एसटीने ब्रेक मारला की उभी माणसं पुढे कलतात, तसाच ब्रेक लावताच गाडीचा आणि चालकाचा भार पुढच्या चाकावर येतो. भार वाढला की त्या टायरची रस्त्यावरची पकडही वाढते. मागचं चाक मात्र हलकं होतं आणि जोरात ब्रेक दाबला की लॉक होऊन घसरतं. म्हणून गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. कोरड्या रस्त्यावर केवळ मागच्या ब्रेकने थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागू शकतं.

माणसं पडतात ती पुढचा ब्रेक लावल्यामुळे नव्हे, तो झटक्याने आवळल्यामुळे, हँडल वळलेलं असताना किंवा खडी-वाळूवर लावल्यामुळे. गाडी सरळ ठेवायची, दोन्ही ब्रेक एकत्र लावायचे, पुढचा आधी हलका आणि भार पुढे येईल तसा घट्ट करत न्यायचा. हे वाचून हातात उतरत नाही. मोकळ्या मैदानावर, आधी कमी आणि मग वाढत्या वेगात, जाणकार समोर असताना पुन्हा पुन्हा करावं लागतं. चांगल्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे.

गैरसमज ३ : नव्या गाडीत एबीएस असतं, शिकायचं काय?

वस्तुस्थिती : १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, त्याखालच्या गाड्यांना किमान सीबीएस लागतं, म्हणजे एका ब्रेकने दोन्ही चाकांवर जोर येतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. खडीवर थांबण्याचं अंतर त्याने वाढूही शकतं. आणि ब्रेक कधी लावायचा, हे ठरवणं चालकाकडेच राहतं.

गैरसमज ४ : पक्कं लायसन्स मिळालं, म्हणजे गाडी आली.

वस्तुस्थिती : आठचा आकडा काढताना वेग कमी असतो, मैदान मोकळं असतं. पहिल्या पावसात तेल-धुळीने निसरडा झालेला रस्ता, घाटातलं वळण, रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली यांतलं काहीच त्या चाचणीत नसतं. कच्चं लायसन्स काढल्यावर ३० दिवसांनंतरच पक्क्यासाठी चाचणी देता येते. हा महिना शिकण्यासाठी आहे. तारखेची वाट पाहण्यात तो घालवू नये.

गैरसमज ५ : आपण सावकाश चालवतो; चूक समोरच्याची असते.

वस्तुस्थिती : ताशी ५० किमी वेगात गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण तेवढं अंतर संपतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. म्हणून समोरच्याची चूक आधीच ओळखणं हेही शिकण्याचं कौशल्य आहे: थांबलेल्या रिक्षाचं वळलेलं पुढचं चाक, बसच्या आडून येऊ शकणारा माणूस, ट्रकचालकाला आपण दिसतच नाही अशी जागा. खड्ड्यावर नजर खिळली की गाडी खड्ड्याकडेच जाते. जिथून सुटायचं तिकडे पाहायची सवय लावून घ्यावी लागते.

गैरसमज ६ : कोर्स केला की अपघात होत नाही.

वस्तुस्थिती : असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. प्रशिक्षणाने अपघात नेमके किती कमी होतात, यावर झालेल्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०१० मध्ये आढावा घेतला, तेव्हा ठाम निष्कर्ष काढता आला नाही. कोर्समधून योग्य पद्धत कळते. ती अंगवळणी पडते सरावाने. आणि कोर्स केला म्हणून जास्त धाडस केलं, तर शिकलेलं वाया जातं. हेल्मेटही सुटत नाही: २०२२ मध्ये हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं दगावली. आयएसआय चिन्हाचं हेल्मेट, पट्टा लावून, गल्लीतल्या फेरीलाही हवं.

कोर्स निवडताना फी विचारण्याआधी एवढं विचारा: वेगातून थांबण्याचा सराव प्रत्येकाकडून करून घेता का? मैदानानंतर खऱ्या रस्त्यावर सोबत येता का? चुका लगेच सांगता का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर नाव नोंदवा. पालकांनीही मुलांना गाडी घेऊन देताना हेल्मेट आणि प्रशिक्षण यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. हा खर्च टाळून होणारी बचत पोराच्या जिवापेक्षा मोठी नाही.