तारणाची खात्री शोधायची कुठे? (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण पापक्षमापत्रांच्या वादापाशी थांबलो होतो. तो वाद पैशांचा होता अशी सर्वसाधारण समजूत आहे. पैसा त्यात होताच. पण ऑक्टोबर १५१८ मध्ये पोपचा दूत कार्डिनल काएतान याने मार्टिन ल्यूथरला ऑग्सबर्गला बोलावून ज्या दोन मुद्द्यांवर माघार घ्यायला सांगितले, त्यांतला एकच त्या पत्रांमागच्या पुण्यसंचयाच्या कल्पनेशी निगडित होता. दुसरा वरकरणी अगदी किरकोळ वाटावा असा. गोव्या-वसईकडे ज्याला कुमसार म्हणतात, त्या पापनिवेदनाच्या शेवटी धर्मगुरू क्षमेचे शब्द उच्चारतो. ऐकणाऱ्याने ते शब्द आपल्यालाच लागू झाले असे निश्चित मानलेच पाहिजे का? ल्यूथर म्हणे, मानलेच पाहिजे. न मानणे म्हणजे वचन देणाऱ्या ख्रिस्ताला खोटे पाडणे. काएतान हा नुसता दरबारी दूत नव्हता, थॉमस अक्वायनसचा नामांकित भाष्यकार होता. ल्यूथरच्या या म्हणण्यावर त्याने लिहून ठेवले की हे तर नवे चर्च उभारणे झाले. फूट नेमकी कुठून पडणार हे त्याच्याइतके लवकर कोणालाच दिसले नसावे.

ख्रिस्ती परिभाषेत ज्याला ‘तारणाची खात्री’ म्हणतात, तिच्यावरची चर्चा बहुधा ‘किती खात्री?’ या प्रश्नात अडकते. माझ्या मते खरा प्रश्न ‘कुठे पाहून?’ हा आहे. मठात असताना ल्यूथर तासन्‌तास पापनिवेदन करी आणि तरी अस्वस्थच उठे. त्या काळातल्या धर्मशिक्षणातला एक प्रचलित विचार असा होता की माणसाने आपल्याकडून होईल तेवढे करावे, देव त्याला कृपा नाकारणार नाही. ऐकायला हे मोठे दिलासादायक. पण होईल तेवढे आपण केले की नाही हे ठरवणार कोण? पश्चात्ताप खरा होता की शिक्षेच्या भीतीने आलेला? मन जितके प्रामाणिक, तितकी ही चौकशी लांबत जाणार. ल्यूथरने या चौकशीत आणखी पुरावा दाखल केला नाही, चौकशीची जागाच बदलली. माझा पश्चात्ताप कसा आहे हे सोडून द्या, मला काय सांगितले गेले आहे ते पाहा, असे तो म्हणू लागला. त्याच्या लेखी विश्वास म्हणजे बाहेरून आलेल्या शब्दावर ठेवलेला भरवसा. आतली एखादी पात्रता नव्हे.

यावर कॅथलिक चर्चने अधिकृत उत्तर दिले ते ट्रेंटच्या धर्मपरिषदेत, १३ जानेवारी १५४७ रोजी. त्या ठरावाच्या नवव्या प्रकरणात पाखंड्यांच्या पोकळ भरवशावर टीका आहे: आपल्याला देवाची कृपा मिळाली आहे हे चूक होणे शक्यच नाही अशा निश्चितीने कोणालाही कळू शकत नाही. प्रोटेस्टंट लेखक हे वाक्य पुढे करतात आणि तिथेच थांबतात, हे बरोबर नाही. त्याच प्रकरणात असेही म्हटले आहे की भाविकाने देवाच्या दयेविषयी, ख्रिस्ताच्या पुण्याविषयी, संस्कारांच्या सामर्थ्याविषयी शंका घेऊ नये. भीती वाटायची ती स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहून. म्हणजे नजर वर असेल तर शंका नको, स्वतःकडे असेल तर शंका रास्त. ल्यूथर याहून फार वेगळे काय सांगत होता? खुद्द परिषदेतही या मुद्द्यावर एकमत नव्हते. काथारिनुस आणि सोतो हे दोघेही डोमिनिकन पंथाचे, पण कृपेच्या निश्चितीवरून त्यांची चांगलीच जुंपली होती. अर्थात दोन्ही पक्षांचे म्हणणे एकच होते असे मात्र नाही. स्वतःकडे पाहण्याला ट्रेंटने जागा ठेवली. ल्यूथरला ती ठेवायची नव्हती.

गंमत अशी की ती जागा पुढे प्रोटेस्टंटांनीच भरून काढली. कॅल्विनने विश्वासाची व्याख्याच देवाच्या कृपाळूपणाविषयीचे पक्के ज्ञान अशी केली. पण देवाने काहींना आधीच निवडले आहे आणि काहींचा विश्वास तात्पुरता, हुबेहूब खऱ्यासारखा असू शकतो, हेही त्यानेच सांगितले. मग माझा विश्वास कोणत्या जातीचा? इंग्लंडातले प्युरिटन या प्रश्नाने इतके पछाडले गेले की सद्वर्तन, प्रार्थनेतली ओढ, पापाची घृणा अशा खुणा स्वतःत तपासण्याचे एक शास्त्रच तयार झाले. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राने तर खात्री हा विश्वासाचा अविभाज्य भाग नाही, खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिची दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते, अशी मुभा देऊन टाकली. ल्यूथरचा मठ नव्या इमारतीत भरला, एवढेच.

याचा जिवंत पुरावा म्हणजे बेडफर्डचा कल्हईवाला जॉन बनियन. १६६६ च्या आत्मकथनात तो स्वतःच्या मनाचा हिशेब निष्ठुरपणे मांडतो: ख्रिस्ताला विकून टाक, असा आवाज दिवसेंदिवस डोक्यात घुमतोय, आणि एकदा मन कंटाळून ‘जाऊ दे’ म्हणून गेले म्हणून पुढे कित्येक महिने छळ. त्या काळात त्याच्या हाती ल्यूथरचे गलतीकरांस पत्रावरील भाष्य पडले. प्रत इतकी जुनी की पान उलटताना सुटून येईल. सुटका झाली ती एका शेतातून जाताना. आपले नीतिमत्त्व वर, देवाच्या उजवीकडे आहे. आपली मनःस्थिती चांगली असली म्हणून ते वाढत नाही, वाईट असली म्हणून घटत नाही, हे त्याला एकदम उमगले. खुणा तपासून जे मिळाले नाही, ते खुणांवरची नजर काढल्यावर मिळाले.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: अशी हमी मिळाली तर माणूस सोकावणार नाही का? आक्षेप जुना आहे, रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल स्वतःच तो उपस्थित करतो. त्याच पत्रात पुढे त्याने दत्तकाची उपमा वापरली आहे आणि उत्तर तिच्यातच आहे. दत्तक मुलगा रोज सकाळी आरशात बापाचा चेहरामोहरा आपल्यात उतरला का हे पाहू लागला, तर तो घरात कधीच रुळणार नाही. त्याचा हक्क दत्तकपत्रात आहे. तो घरातली कामे करतो, पण रोजंदारीवरच्या गड्यासारखी उद्याची धास्ती धरून नाही. घाबरून केलेले सत्कर्म शेवटी स्वतःसाठीच असते. आता कोणी दत्तकपत्र खिशात घालून घराकडे फिरकलाच नाही, तर? तर त्याला घर नकोच होते, म्हणायचे. याकोबाचे पत्र ज्या मेलेल्या विश्वासाबद्दल बोलते तो हाच.

अधिक टोकदार आक्षेप वेगळा आहे. शब्दावर भरवसा ठेवतो तो मीच ना? मग ‘मी खरेच भरवसा ठेवला का?’ हा प्रश्न मागच्या दाराने परत येणारच. जॉन वेस्लीच्या बाबतीत तो आला. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना त्याला आपले हृदय उबदार झाल्याचे जाणवले, आणि काही महिन्यांतच आपण ख्रिस्ती तरी आहोत का, असे तो रोजनिशीत लिहू लागला. ऊब ही अनुभूती होती, ती ओसरली. पुढे अशी जाणीव तारणदायी विश्वासाला अनिवार्य नाही, हे त्याने मोकळेपणी मान्य केले. या आक्षेपाला पुरते उत्तर आहे असे मला वाटत नाही. इतकेच म्हणता येईल की डोळ्याला स्वतःचा डोळा दिसत नाही म्हणून समोरचे दिसणे खोटे ठरत नाही.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी या जुन्या वादावरच्या एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात तारणाच्या खात्रीवर स्वतंत्र परिच्छेद आहेत, आणि स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहून चिंता वाटू शकते, हे कॅथलिक बाजूचे म्हणणे तिथेही जसेच्या तसे नोंदले आहे. फरक इतकाच की आता त्यावरून कोणी कोणाला पाखंडी ठरवत नाही. सह्या झाल्या ऑग्सबर्गच्याच सेंट अ‍ॅना चर्चमध्ये. काएतानसमोर उभे राहायला आलेला ल्यूथर १५१८ मध्ये उतरला होता तो याच चर्चच्या मठात.