कंपनी साहेबांचीच, पण देणगी कोणाची?

भोसरी एमआयडीसीत देणग्या गोळा करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: “अहो, कंपनी म्हणजे साहेबच. एकाच माणसाच्या दोन नोंदी कशाला?” मग संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये साहेबांच्या नावाने एकच नोंद होते, तिच्यात कंपनीचा पत्ता, साहेबांचा मोबाइल आणि अकाउंटंटचा ईमेल कोंबला जातो, आणि दोन वेगळ्या खात्यांतून आलेले चेक एकाच नावावर जमा दिसतात. गाळ्यात दोन लेथ टाकून उभ्या राहिलेल्या उद्योजकाच्या बाबतीत हे सहज पटतं, कारण सही त्याची, शब्द त्याचा आणि पैसाही त्याचाच वाटतो. कायद्याला मात्र तसं वाटत नाही, आणि हे काही काल-परवा ठरलेलं नाही. 1896 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाली काढलेल्या सॉलोमन खटल्यात सॉलोमन या बुटांच्या व्यापाऱ्याकडे कंपनीच्या 20,007 शेअरांपैकी 20,001 शेअर होते. तरीही कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा, असाच निकाल लागला. आपला कंपनी कायदाही हेच मानतो.

‘आम्हाला कुठे कोर्टात जायचंय’, हे यावरचं नेहमीचं उत्तर. कोर्टात नसेल जायचं, पण प्राप्तिकर खात्याची पायरी चुकत नाही. 80जी ची, म्हणजे देणगीदाराला करवजावट मिळवून देणारी मान्यता असलेल्या संस्थांना 2021-22 या आर्थिक वर्षापासून फॉर्म 10बीडीमध्ये देणगीदाराचं नाव, ओळख क्रमांक आणि रक्कम कळवावी लागली, आणि त्यावरून निघणारं 10बीई प्रमाणपत्र त्याला द्यावं लागलं. कंपनीच्या खात्यातून आलेली रक्कम साहेबांच्या पॅनवर दाखवली, तर कंपनीची वजावट अडते. साहेबांनी ती स्वतः मागितली, तर न दिलेल्या पैशांवर मागितल्यासारखं होतं. बरं, हे ओळखायला सीए लागत नाही. पॅनमधलं चौथं अक्षर पाहा. ‘पी’ असेल तर व्यक्ती, ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एफ’ म्हणजे भागीदारी फर्म, ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. पावती फाडण्याआधी एवढं एक अक्षर वाचायचा कंटाळा का यावा? एक आक्षेप मात्र रास्त आहे. प्रोप्रायटरी फर्मला स्वतंत्र पॅन नसतो, मालकाचाच चालतो. तिथे देणगीदार खरोखरच एक, आणि फर्मचं नाव मालकाच्या नोंदीत एका रकान्यात लिहिलं की काम झालं. लघुउद्योगांच्या या पट्ट्यात हा समज इतका चिवट आहे तो बहुधा यामुळेच. पण तोच धंदा पुढे प्रायव्हेट लिमिटेड झाला की देणगीदार दोन होतात, आणि संस्थेच्या यादीत मात्र जुनी नोंद तशीच पडून राहते.

मग दुसरी तक्रार येते: नोंदी वेगळ्या केल्या की कोणत्या कंपनीमागे कोण, हे कळायचं कसं? अहो, नातेसंबंधांची सोय असते ती त्यासाठीच. सिव्हिसीआरएम हे सामाजिक संस्थांसाठीचं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर घ्या. त्यात नात्याचा प्रकार तयार करताना दोन नावं देतात, एकेका बाजूने वाचायला एकेक. तयार मिळणारा ‘कर्मचारी–नियोक्ता’ हा प्रकार मालकाला चिकटवू नका. माणसाच्या बाजूने ‘संचालक आहेत’ आणि कंपनीच्या बाजूने ‘यांचे संचालक’ असा नवा प्रकार करा, आणि पहिल्या बाजूला फक्त व्यक्ती, दुसऱ्या बाजूला फक्त संस्था असं बंधन घाला. ते राहून गेलं तर एखाद्या दिवशी कंपनीच साहेबांची संचालक झालेली दिसेल. चेक कंपनीचा, पण आला साहेबांच्या शब्दामुळे, तर त्यासाठी ‘सॉफ्ट क्रेडिट’ आहे: रक्कम कंपनीच्या नावावर, श्रेय साहेबांच्या.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण ऐकून कान किटले आहेत. नातं दोन्ही नोंदींत दोनदा भरावं लागत नाही, एकदा भरलं की दोन्हीकडे दिसतं. नातं जोडलं म्हणून एकाला दुसऱ्याची माहिती आपोआप उघडी होत नाही, ती परवानगी वेगळी असते. काका, मामा, साडू, विहीण असे प्रकार करत बसू नका. ज्या नात्यामुळे तुमचं पत्र, पावती किंवा फोन बदलत नाही, ते डेटाबेसला नको. कंपनीने दिलेला प्रत्येक रुपया सीएसआरचा, म्हणजे सक्तीच्या सामाजिक जबाबदारीचा नसतो: कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे 500 कोटींची नक्त मत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी काहीतरी असेल तरच ती सक्ती. आणि सीएसआर बघणारा अधिकारी भोसरी सोडून चाकणच्या कंपनीत गेला, तर जुनं नातं खोडू नका. त्याला शेवटची तारीख घाला आणि नव्या कंपनीशी नवं नातं जोडा. खोडलंत, तर त्या पहिल्या कंपनीत तुमच्यासाठी शब्द कोणी टाकला होता, हे पुढच्या कार्यकर्त्याला कळणार नाही.