विद्यापीठाचं ईमेल क्लाउडवर जातं तेव्हा तुमच्या संशोधनाचं काय होतं?

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की फी पावती आणि ओळखपत्रासोबत आणखी एक गोष्ट हातात पडते, विद्यापीठाचा ईमेल आयडी. बहुतेक जण पासवर्ड बदलतात आणि कामाला लागतात. पण पुढची पाच-सहा वर्षं गाइडशी झालेला पत्रव्यवहार, मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज, सर्व्हेच्या शीट्स, प्रबंधाचे मसुदे हे सगळं याच आयडीला टांगलेलं राहणार आहे. म्हणून त्यामागे काय चालतं ते एकदा नीट बघून घेऊया.

पूर्वी विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मेल सर्व्हर असायचा. तो बंद पडला की सगळ्यांचं मेल बंद. इनबॉक्स भरला की जुनं पुसा, मग नवं येणार. हे काम गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे सोपवणं म्हणजे क्लाउडवर जाणं. अमेरिकेतलं अॅरिझोना स्टेट विद्यापीठ २००६ मध्येच गूगलकडे गेलं, ते सुरुवातीच्या मोठ्या विद्यापीठांपैकी एक. कारण सरळ होतं: शिक्षणसंस्थांना सेवा फुकट, जागा भरपूर, आणि सर्व्हर सांभाळायची कटकट नाही.

तांत्रिकदृष्ट्या घडतं ते गमतीशीर आहे. तुमचा पत्ता तोच राहतो. इंटरनेटच्या डीएनएस नावाच्या नोंदवहीत 'या विद्यापीठाचं मेल अमुक मशीनकडे पाठवा' अशी एक ओळ असते, तिला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. ती बदलली की नवं मेल नव्या ठिकाणी जायला लागतं. हा बदल जगभर पोचायला काही तास ते एखाद-दोन दिवस लागतात, तेवढ्या काळात काही मेल जुन्या सर्व्हरवर पडतं, काही नव्या.

जुनं मेल मात्र आपोआप जात नाही. ते आयमॅप पद्धतीने एकेक इनबॉक्स करत कॉपी करावं लागतं, आणि कॉपी होतं ते फक्त सर्व्हरवर असलेलं. लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर आउटलुक पॉप पद्धतीने मेल उतरवून घेत असेल, तर ते मेल बहुधा त्या एकाच हार्ड डिस्कवर उरलेलं असतं. गाइडचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार असा एखाद्या पीएसटी फाइलमध्ये पडलेला असू शकतो. स्थलांतराची सूचना आली की आधी तिकडे बघा.

मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विभागांची आणखी एक अडचण आहे, आणि सूचनापत्रकात तिचा उल्लेख क्वचितच असतो. युनिकोडच्या आधीचा बराच मजकूर शिवाजी किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. अशा फाइलमध्ये आतून असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो. तुमच्या मशीनवर तो फॉन्ट होता म्हणून वाचता येत होतं. गूगल डॉक्समध्ये आपला फॉन्ट टाकता येत नाही, त्यामुळे तिथे उघडलं की नुसता चिन्हांचा भाजीपाला. मजकूर गेलेला नसतो, पण वाचताही येत नाही आणि त्यात शोधताही येत नाही. मूळ फाइल तशीच जपायची, युनिकोड कन्व्हर्टरमधून वेगळी प्रत करायची आणि ती डोळ्यांखालून घालायची, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

संदर्भांचंही तसंच. वर्डमध्ये झोटेरोने घातलेले संदर्भ गूगल डॉक्समध्ये रूपांतर करताना साधा मजकूर होऊन बसतात आणि यादी अपडेट होणं थांबतं. झोटेरोमध्ये वर्ड प्रोसेसर बदलण्याचा पर्याय आहे, तो रूपांतराच्या आधी वापरायचा.

आता मुख्य मुद्दा. फुकट सेवेच्या अटी विद्यापीठ ठरवत नाही. शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा देणाऱ्या गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये नवं धोरण जाहीर केलं: संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट. जुन्या ग्राहकांना ते जुलै २०२२ पासून लागू झालं. वीस हजार खाती असतील तर माणशी ५ जीबी होतात. घरचं साधं जीमेल १५ जीबी देतं! मायक्रोसॉफ्टनेही नंतर तसाच १०० टेराबाइटचा सामाईक साठा ठरवला. मग विद्यापीठं कोटा लावतात, माजी विद्यार्थ्यांची खाती बंद करतात. त्यांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही, पण फटका प्रबंध जमा करून बाहेर पडलेल्याला बसतो.

खासगीपणाचा प्रश्न तर त्याहून जुना आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने २०१० मध्ये प्राध्यापकांसाठीचा जीमेलचा प्रयोग याच काळजीपोटी थांबवला होता. जाहिरातींसाठी विद्यार्थ्यांचं मेल तपासणं गूगलने एप्रिल २०१४ मध्ये बंद केलं. हे तुमच्याशी कसं जोडलं जातं? एथिक्स कमिटीच्या अर्जात 'डेटा कुठे ठेवणार?' असा रकाना असतो. तिथे 'गाइडच्या कुलूपबंद कपाटात' असं लिहून सर्व्हे मात्र गूगल फॉर्मवर घेतला, तर ते विधान खोटं ठरतं. डेटा कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि खात्याची किल्ली विद्यापीठाच्या अॅडमिनकडे. संमतीपत्रात तसंच स्पष्ट लिहा.

किल्ली अॅडमिनकडे म्हणजे काय? गूगलच्या संस्थात्मक खात्यात अॅडमिनने एखादं खातं डिलीट केलं, तर ते परत आणायला फक्त २० दिवस असतात. त्या खात्याच्या मालकीच्या ड्राइव्ह फाइल्स आधी दुसऱ्याच्या नावे केल्या नसतील तर त्याही जातात. तुम्ही गाइडला नुसत्या शेअर केलेल्या शीट्ससुद्धा यात आल्या, कारण मालक तुम्हीच होता. शेअर्ड ड्राइव्हमध्ये मालकी संस्थेची असते. म्हणून गटाचं काम तिथे ठेवणं बरं, एकानं सोडलं तरी फाइल राहते.

प्रवेश घेतानाच संगणक केंद्रात विचारून घ्या: पदवीनंतर खातं किती दिवस चालू राहतं, आणि टेकआउटची सोय चालू ठेवली आहे का? अॅडमिन ती बंद करू शकतो. चालू असेल तर दर सहा महिन्यांनी आपलं मेल आणि ड्राइव्ह उतरवून घ्या. मेल एमबॉक्स फाइलमध्ये येतं आणि थंडरबर्डमध्ये टाकून वाचता येतं. सहभागी व्यक्तींचा डेटा मात्र घरच्या जीमेलवर ढकलू नका, संमतीपत्रात लिहिलं असेल तिथेच त्याची प्रत ठेवा.

शोधनिबंध पाठवतानाही हे लक्षात असू द्या. रिव्ह्यू, दुरुस्त्या आणि प्रूफ यात वर्ष सहज जातं. दरम्यान खातं बंद झालं तर संपादकाचं मेल परत जातं आणि प्रूफची मुदत निघून जाते. शेवटच्या वर्षात असाल तर जर्नलच्या पोर्टलवर दुसरा पत्ताही द्या, आणि ऑर्किडवर विद्यापीठाच्या पत्त्यासोबत स्वतःचा पत्ता आत्ताच नोंदवून ठेवा. जुना पत्ता बंद पडल्यावर तिथे लॉगिन करणंही अवघड होऊन बसतं.