टपावरचा बाजार आणि वजनाची वही

सुट्टी लागली की गावी जायचे, एवढेच आमच्या पिढीला ठाऊक होते. आता मुलांना रानात तंबू ठोकून राहायचे असते, आणि त्यासाठी चारही चाकांना जोर मिळणारी, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हची गाडी असावी असे घरातल्या पुरुषमंडळींना वाटते. जिप्सी, थार, गुरखा, स्कॉर्पिओचे काही प्रकार या जातीच्या गाड्या आता जुन्या बाजारातही मिळतात. आम्ही दोन घरांनी, म्हणजे माझे पती आणि धाकटे भाऊजी यांनी मिळून, २०२२ साली अशीच एक जुनी गाडी घेतली. एका महिन्याला ती आमच्या दारात, एका महिन्याला त्यांच्या.

गाडी आली आणि तिला सजवण्याचे वेड सुरू झाले. त्यात भाऊजी पुढे. टपावर लोखंडी कॅरियर, पुढे जाडजूड गार्ड, मागे कप्प्यांचे लाकडी कपाट, दुसरी बॅटरी. कॅरियर बनवणारा म्हणाला, "दोनशे किलो टाका, काही होत नाही." आम्ही विश्वास ठेवला. मी हिशेब खात्यात कारकून आहे, रोज दुसऱ्यांची बिले तपासते. पण या माणसाचे तोंडी बिल मी न तपासता मंजूर केले, हे इथे कबूल करते.

२०२३ च्या जूनमध्ये काजवे पाहायला आम्ही भंडारदऱ्याला निघालो. आम्ही दोघे, सासूबाई, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. कल्याणहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी करत शेंडीला पोहोचलो, आणि धरणाच्या पाण्याला वळसा घालून रतनवाडीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या मालकीच्या जागेवर पैसे भरून मुक्काम ठरवला. दुपारी वळवाची सर येऊन गेलेली. रस्ता सोडून खाचरात उतरताना गाडी आडव्या उतारावर आली, खालच्या बाजूचे चाक ओल्या मातीत घसरले आणि सगळी गाडी एका अंगावर कलली. वरच्या बाजूची दोन चाके हलकी झाल्याचे बसल्या जागी कळत होते. सासूबाई खालच्या खिडकीशी होत्या. मुलगा त्यांच्या अंगावर पडला. खाचराच्या दगडी बांधाला चाक टेकले म्हणून गाडी थांबली. नाहीतर काय झाले असते, ते लिहीत नाही.

वरच्या दाराने एकेक करून सगळे बाहेर आलो. सासूबाईंना दोघांनी उचलून काढले, त्यांचे गुडघे आधीच दुखरे. जमीनमालक काका दोन माणसे घेऊन धावत आले. यांनी गाडीला दोर बांधायला घेतला तेव्हा काका म्हणाले, "आधी टपावरचा बाजार उतरवा, मग गाडीचं बघू." सगळे सामान उतरवले. मग यांनी गोल बटण फिरवून खालचा गिअर, फोर-लो म्हणतात तो, लावला आणि गाडी कोणाच्या दोराशिवाय हळूहळू सरळ होऊन वर आली. दोष गाडीचा नव्हता, आमच्या बाजाराचा होता.

त्या रात्री सासूबाई तंबूत जमिनीवर झोपल्या, म्हणजे बसून राहिल्या. पहाटे उठता येईना. "मी काही पुन्हा येत नाही, तुम्ही जात जा," एवढेच त्या बोलल्या. काजवे त्यांनी पाहिलेच नाहीत.

घरी आल्यावर मी एक वही घातली. गाडीच्या पुस्तिकेत, आणि बहुधा दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर, भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन दिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. उरते ती आपली शिल्लक. आमची साधारण ६०० किलो निघाली. ही शिल्लक फक्त सामानाची नाही. माणसेही त्यातच, आणि नंतर बसवलेले लोखंडही त्यातच. भंगारवाल्याच्या काट्यावर एकेक वस्तू चढवली. माणसे पाच, २५६ किलो. टपावर कॅरियर ३८, कापसाच्या गाद्या २४, तंबू १६, टेबल-खुर्च्या २२, पाणी ४०, दुसरी स्टेपनी २८ आणि घरचा भरलेला गॅस सिलिंडर ३०. बेरीज १९८. पुस्तिकेत आमच्या गाडीच्या टपाला मर्यादा ७५ किलोंची, तीही कॅरियर धरून! आत कपाट, बॅटरी, स्वयंपाकाचे सामान, पिशव्या, हत्यारे मिळून १७८ आणि पुढचा गार्ड ३२. सगळे मिळून ६६४ किलो. एकूण ६४ किलोच जास्त, म्हणून ब्रेक आणि स्प्रिंगांनी तक्रार केली नव्हती. पण टपावरचे १२३ किलो जास्तीचे होते, आणि त्यांनीच आम्हाला आडवे केले असते. तेच वजन खाली जमिनीलगत असते तर गाडी एवढी कलली नसती. डोक्यावर हंडा घेऊन उतार उतरलेल्या बाईला हे वेगळे सांगावे लागत नाही. आम्हा शिकलेल्यांना भंगारवाल्याचा काटा लागला.

सिलिंडर टपावर आडवा बांधला होता हीदेखील मोठी चूक. आडव्या सिलिंडरच्या तोंडाशी वायूऐवजी पातळ गॅस येतो. तो नेहमी उभा, झडप बंद करून, पट्ट्याने बांधून न्यावा. आता आम्ही पाच किलो गॅसची छोटी टाकी नेतो. भरलेली ती आमच्या काट्यावर १३ किलो भरली. तीन दिवसांच्या स्वयंपाकाला पुरून उरते.

वही लिहिताना सासूबाईंचे ते वाक्य डोक्यात होते. गाडीत काय काय बसवता येईल हा प्रश्न मी सोडून दिला. सासूबाई पुन्हा येतील का, एवढाच ठेवला. त्यांना लागते काय? जमिनीवरून उठावे लागू नये अशी झोपायची जागा, आणि रात्री बसता येईल असे शौचाचे आसन. बाकी सगळे नंतर.

मागची घडीची बाकडी उचलून मोकळी झालेली जागा आणि मधली सीट पुढे पाडल्यावर तयार होणारी पाठ यांची उंची मी टेपने मोजली. त्या उंचीच्या दोन पेट्या आमच्या गल्लीतल्या सुताराकडून १२ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या करून घेतल्या. जड कपाट भंगारात गेले. एका पेटीत स्वयंपाक, दुसरीत दोर आणि हत्यारे. मधल्या फटीत पाण्याचे दोन कॅन. रात्री पेट्यांवर फळी टाकली आणि ती सीटच्या पाठीपर्यंत नेली की पलंग तयार. त्याची उंची घरच्या खाटेइतकी नाही, पण पाय खाली सोडून मागच्या दाराच्या कडेवर टेकता येते. फळी आणि पेट्या मिळून १९ किलो. पेट्या गाडीच्या मूळच्या कड्यांना पट्ट्यांनी आवळल्या. हे विसरू नका. अचानक धडक बसली तर सुटी पेटी आपल्या वजनाच्या कितीतरी पटींच्या जोराने पुढच्या सीटवर येते, आणि पुढे आपली मुले बसलेली असतात.

गाडीत झोपणाऱ्यासाठी दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे खाली ठेवाव्यात, मच्छरदाणीचे कापड लावावे. इंजिन चालू ठेवून, एसी लावून झोपू नये. तंबूत किंवा गाडीत शेगडी, कोळसा पेटवू नये, बाहेर कितीही गारठा असो. जळणाचा विषारी वायू वासावरून कळत नाही, आणि झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. अशा बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो आणि विसरतो.

शौचासाठी मध्ये भोक असलेली घडीची खुर्ची आणली, चार किलोंची. तिच्याभोवती उभा राहील असा अरुंद तंबू. खाली वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून किमान दोनशे फूट लांब, वर माती लोटायची. पुरुषमंडळींना ही वस्तू फालतू वाटली. माझ्या मुलीला आणि मला मात्र महिन्याच्या त्या दिवसांतही आता सहलीची तारीख बदलावी लागत नाही. सॅनिटरी पॅड पिशवीत बांधून परत आणायचे, पुरायचे नाहीत. गार्ड आणि दिव्यांच्या माळा यांच्या आधी ही खुर्ची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो गार्डही आम्ही काढला. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना कळवले होते. धडकेचा जोर गार्डमधून थेट सांगाड्यावर आणि पायी चालणाऱ्या माणसावर जातो, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत ती वेळेवर उघडण्यातही अडथळा येऊ शकतो. मूळ बनावटीत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. म्हणून आम्ही सीट कायमच्या काढल्या नाहीत, वायरिंगला हात लावला नाही, टायरही मूळ मापाचेच घेतले. पेट्या पट्टे सोडले की दहा मिनिटांत बाहेर येतात, आणि महिना संपला की भाऊजींना गाडी जशीच्या तशी मिळते.

दुसरी बॅटरी काढताना मात्र घरात वाद झाला. ती होती भाऊजींच्या फ्रीजसाठी. बारा व्होल्टचा फ्रीज चालू असताना साधारण चार अँपिअर घेतो आणि दिवसातला तिसरा हिस्सा ते निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला तीस ते पन्नास अँपिअर-अवर गेले. साठची साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे एका दिवसाच्या थंड दुधासाठी २१ किलोंची बॅटरी आणि १८ किलोंचा फ्रीज. आम्ही बर्फाची पेटी आणि दुधाची पावडर नेतो. उजेडाला एलईडीची एक पट्टी पुरते. तिची तार बॅटरीवरून घेतली असेल तर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. तो नसेल आणि तार कुठे घासली तर गाडी पेटते.

ज्यावर खर्च केला ते असे: हवा मोजायचे मीटर, बारा व्होल्टचा हवेचा पंप, फावडे, लवचिक दोर आणि एक किलोचे अग्निशामक. वाळूत किंवा चिखलात चाक फिरू लागले की आपण गिअर शोधतो. आधी हवा कमी करून पाहावी. पस्तीसची हवा वीसच्या आसपास आणली तर टायर पसरतो आणि पकड धरतो. डांबरीवर येताच हवा पुन्हा भरायची, म्हणून पंप. दोर ओढताना माणसे दोराच्या लांबीहून दूर उभी करावीत आणि दोरावर जाड गोधडी टाकावी. तुटलेला दोर चाबकासारखा येतो. आणखी एक, कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा जोर लावू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आमच्यासारख्या गाडीत त्यांना ती मोकळीक मिळत नाही आणि दात्यांवर ताण येतो. समुद्राच्या पुळणीवर गाडी घालण्याचा मोह तर टाळाच. कोकणात त्याला मनाई आहे, आणि भरतीत बुडालेल्या गाड्यांची छायाचित्रे दर हंगामात छापून येतात.

२०२४ च्या मे महिन्याअखेरीस आम्ही पुन्हा त्याच काकांच्या जागेवर गेलो. वनखात्याच्या सूचना आधी शेंडीला विचारून घेतल्या. या वेळी माणसे २६८ (मुले वाढली आहेत). टपावर कॅरियर, तंबू आणि फोमच्या हलक्या पट्ट्या मिळून ६२. आत पेट्या, स्वयंपाक, गॅस, पाणी, पिशव्या, हत्यारे, खुर्ची मिळून १४६. एकूण ४७६. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज तीन लिटर धरले होते, ते बरोबर निघाले. धुण्याभांड्यांचे पाणी काकांच्या घरून, त्याचे पैसे वेगळे दिले. भाकऱ्याही त्यांच्याच घरून विकत घेतल्या, त्यामुळे पिठाचा डबा न उघडता परत आला.

काळोख पडल्यावर गाडीचे सगळे दिवे बंद केले. काजव्यांना उजेडाचा त्रास होतो, त्यांची आपसातली खूण उजेडात हरवते. हिरड्या-बेहड्यांच्या ओळीवर लुकलुक सुरू झाली. सासूबाई मागचे दार उघडून फळीवर पाय सोडून बसल्या होत्या, खांद्यावर शाल. नातू शेजारी. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी उशी घरचीच आण, ही फोमची टोचते." वहीत लिहून घेतले: उशी, ८०० ग्रॅम.

भाऊजींनी फ्रीजचा विषय अजून सोडलेला नाही. बॅटरी धरून ३९ किलो, आणि शिल्लक १२४ आहे, म्हणजे वजनात बसते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण तो ठेवायचा तर पाण्याच्या कॅनची जागा जाते आणि फळी वर उचलावी लागते. मग सासूबाईंचे पाय दाराच्या कडेला टेकत नाहीत. त्यांनाच विचारून घ्या, असे मी भाऊजींना सांगितले आहे. त्यांनी अजून विचारलेले नाही.