विहिरीचं पाणी हिरवं का होतं?

होळी सरली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर विहिरींचे तळ दिसू लागतात. डोळखांब असो की टोकावडे, बायकांच्या बोलण्यात विषय दोनच: टँकर कधी येणार, आणि उरलंसुरलं पाणी असं हिरवं का झालं? मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणं याच शहापूर तालुक्यात (तानसा तर १८९२ सालचं!), हे आठवलं की राग येतो. पण तो विषय निराळा. आज हिरव्या पाण्याचं बघू.

शेवाळाला ऊन लागतं आणि खत लागतं. त्या खतातला कळीचा भाग म्हणजे फॉस्फेट. १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने हे पारखून पाहिलं. एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातलं, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली! घरी काचपेटीत मासे पाळणाऱ्यांना, त्यातून खाऱ्या पाण्यातले, हे अनुभवानं ठाऊक असतं. खाऊ जास्त पडला की काच हिरवी.

आपल्या विहिरीत कोण टाकतं हा खाऊ? बराचसा धुण्याच्या दगडावरून येतो. काही धुण्याच्या पावडरींत फॉस्फेट असतं. राख म्हणजे अगदी स्वच्छ असं आपण समजतो, पण भांडी घासायच्या राखेतही ते असतंच. शिवाय गुरांचं शेण आहे, वरच्या खाचरातलं खत आहे. उन्हाळ्यात पाणी आटतं, मग तेवढंच फॉस्फेट थोडक्या पाण्यात दाट होतं.

नुसतं शेवाळ काढून भागत नाही. काढलेलं काठावर टाकलंत तर ते कुजून पुन्हा आत झिरपतं; ते उकिरड्यावरच न्यायला हवं. ब्लीचिंग पावडर जंतूंसाठी हवीच, पण मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं, फॉस्फेट परत पाण्यात उतरतं, आणि काही दिवसांनी पाणी पुन्हा हिरवं.

एक परीक्षा मात्र जरूर करा. काठी बुडवून वर काढा. हिरवे धागे लोंबले तर ते साधं शेवाळ. काठीला हिरवा रंग फासल्यासारखा थर बसला, तर सावध! हे निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. त्याच्या काही जातींत विष असतं, आणि तुम्ही म्हणाल, उकळून घेऊ, तर उकळल्यानं ते जात नाही. ते पाणी पोरांना नको, गुरांनाही नको. आरोग्य केंद्रात लगेच कळवा.

घरातल्या पिंपाला घट्ट झाकण ठेवा. ऊन नाही तर शेवाळ नाही. विहिरीसाठी खरा उपाय म्हणजे धुण्याचा दगड उताराच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब हलवणं. धुण्याचं पाणी चर काढून केळीच्या आळ्यात सोडावं. आता दगड लांब गेला की हंडे लांब वाहायचे कोणी? आपणच. म्हणून ग्रामसभेत हा विषय बायकांनीच काढावा, आणि दगडाबरोबर पाण्याची छोटी टाकी अन् सिमेंटचा ओटाही मागून घ्यावा. ही कामं पाऊस लागायच्या आत उरकली तर बरं.